शोकेसमधे जाणारं गिफ्ट मी करत नाही

घरी केलेलं गिफ्ट म्हटलं की लोकांना पहिले आइस्क्रीमच्या काड्यांची फोटोफ्रेम आठवते नाहीतर रंगवलेली बाटली, आणि खरं सांगू का, मला त्या दोन्हीचा भयंकर कंटाळा आलाय. कोणी प्रेमाने करून देतं म्हणून आपण घेतो, वा वा म्हणतो, मग ती जाते शोकेसमधे, शोकेसमधून माळ्यावर, आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत हातात आली की टाकवतही नाही अन ठेववतही नाही. त्यात आमचं इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेऊन बसलेलं, सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात उभी, ओला वेगळा, सुका वेगळा, आता ती काच, मणी, फेविकॉल आणि चमकी असलेली बाटली नेमकी कुठल्या कप्प्यात टाकायची ते गाडीवाल्या भैयालाच विचारा.

म्हणून माझ्यापुरता मी नियम करून टाकलाय. घरच्या माणसाला जे करून द्यायचं ते एकतर संपलं पाहिजे, नाहीतर वापरून वापरून झिजलं पाहिजे. नुसतं दिसायला छान असं काही नको. आणि हो, ज्याला द्यायचंय तो माणूस दिवसभर काय करतो, कुठे बसतो, काय शोधत असतो हे आधी बघायचं, मग कात्री हातात घ्यायची.

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात हिट गिफ्ट म्हणजे जिरावण. इंदूरवाल्यांना सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी सांगते, आपल्या पोह्यांवर शेव पडायच्या आधी जो मसाला भुरभुरतात ना तो, आणि थंडीत सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडू (एक कंद) तळून मिळतात त्यावर लिंबासोबत पडतो तोही हाच. आमच्या वन्सं लग्न होऊन पुण्याला गेल्या, तिथे सासरी पोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, छानच लागतं, पण त्या म्हणतात सकाळी पोह्याची प्लेट समोर आली की हात आपोआप जिरावणाची बाटली शोधतो. तर त्यांना दरवर्षी घरचं जिरावण जातं, आणि आता तर त्यांचे यजमानच फोन करून विचारतात की बाटली कधी पाठवताय.

आमच्या घरचं प्रमाण असं आहे. वाटीभर धणे, पाऊण वाटी जिरे, अर्धी वाटी बडीशेप, दोन तमालपत्रं, दालचिनीचे दोन तुकडे, आठ-दहा लवंगा, चार मोठ्या वेलच्या, चमचाभर मिरे. हे सगळं मंद आचेवर भाजायचं पण एकदम नाही, खडा मसाला आधी आणि वेगळा, जिरे-धणे वेगळे, बडीशेप सगळ्यात शेवटी कारण ती पटकन करपते आणि करपली की कडू होते. मग पूर्ण गार. पूर्ण म्हणजे पूर्ण, हाताला अजिबात कोमट लागता कामा नये, नाहीतर मिक्सरमधे वाफ धरते. जायफळाचा छोटा तुकडा दळताना टाकायचा. दळून चाळलं की मग बाकीचं मिसळायचं: तीन-चार चमचे आमचूर, दोन चमचे काळं मीठ, एक चमचा साधं मीठ, दोन चमचे सुंठ पूड, तिखट आणि हळद आपल्या हिशोबाने आणि हिंग सढळ हाताने. काळं मीठ आणि आमचूर दोन्ही हवेतलं पाणी ओढतात म्हणून ते शेवटी, आणि बाटली काचेची, उन्हात कडकडीत वाळवलेली. प्लास्टिकच्या डब्यात भरलं की हिंगाचा वास डब्याला कायमचा चिकटतो, मग त्या डब्यात पुढे कोणी साखर ठेवली तर तुमच्या नावाने बोटं मोडणार. मसाला घ्यायला मी मारोठिया बाजारात जाते, तिथे पंसारी खडा मसाला हातावर ठेवून वास घेऊ देतो, मॉलमधल्या सीलबंद पाकिटाचा काय वास घेणार.

आता अण्णा, म्हणजे माझे सासरे. पुरुषांना काय करून द्यायचं हा सगळ्यांचाच प्रॉब्लेम, बाजारात जाऊन आणायचं म्हटलं तरी शर्ट नाहीतर पाकीट याच्यापलीकडे गाडी जात नाही. अण्णा रोज सकाळी अंघोळ झाली की ज्ञानेश्वरी वाचतात, आणि पोथीचं बासन, म्हणजे ती गुंडाळायचं कापड, इतकं विरलं होतं की एका कोपऱ्याची नाडी सेफ्टीपिनने अडकवलेली. सांगणार कोणाला नाहीत, चालतंय म्हणणार. तर आईंची, म्हणजे सासूबाईंची, एक जुनी महेश्वरी साडी होती, मधला भाग गेलेला पण काठ अगदी ठणठणीत. महेश्वरचं काम असंच आहे, ताणा रेशमी आणि बाणा सुती असल्यामुळे हलकं आणि काठाला मजबूत, आणि तो बुगडीचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो, उलटा सुलटा प्रश्नच नाही. (महेश्वर इथून 90 एक किलोमीटर, अहिल्याबाईंनी तिथे विणकर वसवले, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, तरी पाहुणे आले की घाटावर उभं राहून आम्ही ते परत सांगतोच.)

बासन शिवायला काही येत नसलं तरी चालतं. चौकोनी कापड घ्यायचं, पोथी मधे तिरकी ठेवून बघायची, तीन कोपरे पोथीवर नीट दुमडले गेले पाहिजेत आणि चौथा कोपरा वरून येऊन त्याची नाडी दोन वेळा गुंडाळून खोचता आली पाहिजे, एवढंच माप. जुन्या रेशमी कापडात एक गोष्ट बघून घ्यायची, साडी वर्षानुवर्षं ज्या घडीत राहिली त्या घडीवर रेशीम आधी फाटतं. खिडकीसमोर धरलं की ती रेघ उजेडात लगेच दिसते. ती रेघ टाळून कापायचं आणि आतून सुती अस्तर लावायचं. काठ चारही बाजूंनी फिरवताना कोपऱ्यावर पट्टी तिरकी दुमडून शिवली की चौकट अशी छान बसते. आईंनी ते बासन बघितलं, साडी ओळखली आणि म्हणाल्या, अगं ही तर तुझ्या वन्संच्या बारशाची. अण्णा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी पोथी त्यात गेली. सेफ्टीपिन मात्र त्यांनी जपून ठेवली, कशाला ते विचारू नका.

उरलेल्या तुकड्यांतून चष्म्याचं घर होतं. त्याला बागचं कापडही मस्त दिसतं, धार जिल्ह्यातल्या बागचं छापकाम, लाल फिटकरीच्या साथीने येतो आणि काळा लोखंडापासून, आणि छापायचे ठसे लाकडी. फक्त नवीन असेल तर आधी एकदा वेगळं धुऊन घ्या, कारण रंग थोडा सुटतो आणि चष्म्याच्या काचा पुसायला लोक तेच कापड वापरतात. अण्णांना सांगून दमले.

मग दुपटी. पुतणीला मुलगी झाली तेव्हा घरात एवढे बेबी किट आले की एक कपाट भरलं, सगळे गुलाबी, सगळे पॉलिस्टर. एप्रिल-मे मधे इंदूरचं ऊन काय असतं माहितीये ना, त्या बाळाच्या पाठीवर घामोळं उठलं. माझी आई म्हणायची बाळाच्या अंगाला पहिले नवं कापड लावूच नये, जुनंच लावावं, आणि त्यामागे शुभ-अशुभ काय असेल ते असो, पण शंभर वेळा धुतलेल्या सुती साडीइतकं मऊ कापड दुकानात मिळत नाही हे तर हात लावून कळतं. एका पाचवारीत दुहेरी दुपटी दोन आरामात निघतात, वर टोपड्यापुरतं उरतं. आजीची नऊवारी हाताशी असेल तर मग काय विचारता, राज्यच.

कापडाचे दोन्ही पदर एकमेकांवर अंथरून आधी मोठे कच्चे टाके घालायचे, नाहीतर मधेच कापड सरकतं आणि चौकोनाचा पतंग होतो. मग कडेपासून सुरू करून आत आत चौकोनात धावदोरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, पण सगळे सारखे यायला पाहिजेत असा हट्ट मी करत नाही, दुपारी घातलेले टाके आणि रात्री सिरियल बघत घातलेले टाके वेगळे दिसतातच आणि दिसू दे. गाठ मात्र बाहेर ठेवायची नाही, सुई दोन पदरांच्या मधून काढून गाठ आत दाबायची, बाळाच्या अंगाला टोचता कामा नये. लेस, टिकल्या, बटणं काही लावायचं नाही, लहान पोरं सगळं तोंडात घालतात. आणि जाड गोधडी एवढ्यात नको, तान्ह्या बाळाच्या तोंडावर येईल असं जड पांघरूण झोपेत नको असं डॉक्टरही सांगतात. पातळ दुपटं पुरे, गोधडी ती शाळेत जायला लागली की करू.

पुतणीच्या सासूबाईंनी आधी नाक मुरडलं होतं, जुन्या साडीचं काय द्यायचं म्हणून. आता त्यांच्याकडूनच निरोप आलाय की अजून दोन करा.

भाचीसाठी केलेली वही हा सगळ्यात वेळखाऊ प्रकार, पण माझा सगळ्यात आवडता. तिला बेंगलोरला नोकरी लागली आणि तिथे गेल्यावर ती रोज रात्री आठ वाजता फोन करणार की मामी, कटाच्या आमटीत गोडा मसाला आधी की नंतर, हे मला आधीच दिसत होतं. यूट्यूबवर सगळं आहे हो, पण यूट्यूबवर आपल्या घरचं नाहीये. आमच्या घरचं म्हणजे पुरणपोळीच्या शेजारी दाल-बाफले आणि चकलीच्या शेजारी भुट्ट्याचा कीस, दोनशे वर्षं माळव्यात राहून झालेली खिचडी, ती कुठल्या चॅनलवर मिळणार?

खजूरी बाजारातून जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. आणि मग आईंच्या मागे लागले. त्यांचं प्रमाण म्हणजे मूठ, चिमूट, अंदाज आणि "तुला कळेल". हे असं वहीत कसं लिहिणार? मग मी काय केलं, त्या करत असताना त्यांच्या मुठीखाली वाटी धरली, जे पडलं ते आधी मोजलं आणि मग पातेल्यात टाकलं. सुरुवातीला चिडल्या, काय गं हा दवाखाना मांडलायस, पण नंतर स्वतःच थांबून विचारायला लागल्या, मोजलंस का, टाकू का. त्यांची मूठ माझ्या मुठीपेक्षा लहान आहे हे मला इतक्या वर्षांनी कळलं, म्हणजे माझ्या आमटीत बेसन जास्त का होत होतं तेही कळलं.

वहीचं डावं पान भरायचं, उजवं कोरं ठेवायचं, तिकडे तिने तिचं लिहावं, तिथला गूळ वेगळा, तिथली डाळ वेगळी. शाईचं पेन अजिबात नको, स्वयंपाकघरात पाण्याचा हात लागला की अक्षर पसरतं, साधं बॉलपेन बेस्ट. आईंच्या जुन्या डायरीतलं चिवड्याचं एक पान होतं, तेलाचा डाग पडून आरपार झालेलं आणि समासात लिहिलेलं, "ह्यांना शेंगदाणे जास्त, मोठीला नको." ते मी उतरवलं नाही, त्याची रंगीत झेरॉक्स काढून तशीच चिकटवली. भाचीने वही उघडल्यावर सगळ्यात आधी तेच पान वाचलं आणि विचारलं, मोठी म्हणजे माझी आई ना, तिला शेंगदाणे आवडत नाहीत हे मला माहीतच नव्हतं.

बाकीचं पटकन सांगते. भाऊबीजेला उटणं, मसूर डाळ, नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, वाळा, संत्र्याची वाळलेली साल, सगळं दळून मलमलमधून वस्त्रगाळ करायचं, आणि ज्याची त्वचा नाजूक असेल त्याने आधी कोपराच्या आत थोडं लावून बघायचं. आमच्या ह्यांना स्कूटरच्या डिकीत मावणारी घडीची कापडी पिशवी, कारण भाजी आणायला सांगितलं की पिशवी कायम घरीच राहते. लेकीने मला दिलेलं कूपन, "एक दिवस भांडी मी घासेन", ते अजून माझ्या पर्समधेच आहे, वापरीन म्हणते पण योग्य दिवस सापडत नाहीये, पाहुणे वीस आले की काढीन.

पॅकिंगला चमचमता कागद मी आणत नाही. सीतलामाता बाजारात ब्लाउजपीस घ्यायला गेलं की कतरन मिळते, त्यात बांधायचं, गाठ मारायची, झालं.

यंदा दुपट्यांचं काम श्रावणातच काढलंय, उटण्याचं सामान नवरात्र झालं की उन्हात घालीन आणि जिरावण अगदी शेवटच्या आठवड्यात म्हणजे ताजं जाईल. सगळ्यांचं ठरलंय, फक्त जाऊबाईंचं अडलंय. त्या शिवण माझ्यापेक्षा चांगलं करतात, मसाले त्यांचे त्या दळतात, वही त्यांना नको कारण सगळं डोक्यात आहे, आणि दागिन्यांची हौस नाही. गुडघे दुखतात म्हणून गवतीचहाच्या तेलाचं डोक्यात आलं होतं पण ते त्यांच्या माहेरून येतंच. कोणाला काही सुचत असेल तर सांगा, फक्त फोटोफ्रेम म्हणू नका.