२७ डिसेंबरचा मेळावा

आमच्या विद्यापीठाच्या वसतिगृहांत राहून गेलेले विद्यार्थी आणि तेथे नोकरी केलेले कर्मचारी यांचे एक मंडळ आहे, आणि त्याचा मेळावा दरवर्षी २७ डिसेंबरला पश्चिम विदर्भातल्या एखाद्या गावी, कोणा माजी विद्यार्थ्याच्या शेतात भरतो. मी वसतिगृह कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो, पुढे वरिष्ठ लिपिक आणि मग अधीक्षक झालो, आणि सारी नोकरी खोलीवाटप, अनामत रकमा, मेसची बिले आणि डेड स्टॉक रजिस्टर यांतच करून निवृत्त झालो. बदलीची संधी आली असताही मी हे खाते सोडले नाही, आणि का सोडले नाही याचे उत्तर मला या मेळाव्यात दरवर्षी नव्याने मिळते.

तारीख आम्ही विचारपूर्वक निवडली आहे. २७ डिसेंबर हा डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्मदिवस. १८९८ साली पापळ या गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले भाऊसाहेब १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्री होते हे सर्वांना माहीत असते, परंतु त्याच्या कितीतरी आधी त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंगतीत आणले होते, याचे स्मरण वसतिगृहाच्या माणसांनी नाही ठेवायचे तर कोणी ठेवायचे? गाडगेबाबांची पुण्यतिथी त्याआधी आठवडाभर, २० डिसेंबरला येते. म्हणून मेळाव्याच्या दिवशी सकाळी प्रथम खराटे घेऊन गावच्या शाळेचे पटांगण आणि देवळापुढचा रस्ता झाडला जातो, आणि त्यानंतरच चहा मिळतो. हा नियम मोठ्या हुद्द्यावरच्या माणसालाही लागू आहे, आणि तो आजवर कोणी मोडलेला नाही.

दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, पाहुण्यांचे स्वागत, प्रास्ताविक आणि जमाखर्चाचे वाचन हे सगळे रीतीप्रमाणे होते. ते व्हायलाच हवे, पण त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. ज्याच्यासाठी मी वर्षभर वाट पाहतो ते त्यानंतर सुरू होते. त्याला आम्ही मनोगत म्हणतो, आणि त्याचा एकच दंडक आहे: बोलणाऱ्याने स्वतःच्या यशाविषयी बोलायचे नाही, वसतिगृहात भेटलेल्या एका माणसाविषयी बोलायचे. हा दंडक घालण्यापूर्वी आम्ही बरीच भाषणे ऐकली, ज्यांत पदे, पुरस्कार आणि परदेशदौरे येत असत आणि समोर बसलेले आमचे शिपाई, चौकीदार, स्वयंपाकी माना खाली घालून ती ऐकत असत. दंडक आला तेव्हापासून त्या माना वर झाल्या आहेत.

घाटंजीकडच्या एका माजी विद्यार्थ्याचे मनोगत मला जवळजवळ पाठ आहे. ते समजण्यासाठी आमच्या भागातला पैशाचा हंगाम माहीत असावा लागतो. विद्यापीठाचे प्रवेश जून-जुलैत होतात, म्हणजे नेमके पेरणीच्या दिवसांत, जेव्हा घरात होते नव्हते ते बी-बियाण्यात गेलेले असते. कापूस वेचणीला येतो दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, आणि त्याचा चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हाती पडेपर्यंत आणखी काळ जातो. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात, जेव्हा कापूस शासनालाच विकावा लागे, तर चुकारा हप्त्याहप्त्याने येई, आणि शेतकऱ्याचा मुलगा तोवर मेसचा थकबाकीदार होऊन बसे. नियम असा होता की थकबाकीदारांची यादी सूचनाफलकावर लावायची आणि दिलेल्या मुदतीत पैसे न भरणाऱ्याचे नाव मेसमधून कमी करायचे.

तो म्हणाला की यादीत त्याचे नाव सर्वांत वर होते, आणि ते वाचल्यावर तो दोन्ही वेळा जेवायला गेलाच नाही. रात्री दार वाजले. बाहेर मेसचे महाराज, म्हणजे आमचे स्वयंपाकी, उभे होते, हातात दुसऱ्या ताटाने झाकलेले ताट, खांद्यावर पंचा. "भाजी थंडी झाली, पोया गरम हायेत. जेवून घे, अन् ताट सकाळी आणून दे," एवढेच बोलून ते जिना उतरून गेले. चुकारा येईपर्यंत रोज रात्री असेच ताट येत राहिले, आणि खाड्यांच्या वहीत त्याच्या नावापुढे त्या दिवसांचे खाडे लागलेले त्याला नंतर दिसले, म्हणजे ते जेवण त्याच्या बिलात धरलेलेच नव्हते. महाराज स्वतःच्या वाटणीचे ताट देत होते, हे त्याला मेसच्या भांडेवाल्या मावशींकडून पुढच्या वर्षी कळले. हे तो बोलत होता तेव्हा महाराज पहिल्याच सतरंजीवर बसले होते. आता त्यांना दिसते कमी. त्यांनी शेजारच्याला विचारले, "कोण बोलून रायलं?" आणि नाव सांगितल्यावर म्हणाले, "मी तं ओळखलंच नाही, लय बारीक होता तो."

थकबाकीच्या याद्या माझ्या टेबलावरून जात. त्या पाहून पाहूनच मी एक टिपणी सादर केली होती: शेतकरी आणि शेतमजूर पालकांच्या पाल्यांना वसतिगृह शुल्क आणि मेसचे बिल जानेवारीअखेरपर्यंत हप्त्यांनी भरण्याची मुभा द्यावी, आणि तोवर नाव कमी करू नये. टिपणी तीन टेबलांवरून शेरे घेऊन परत आली. मी प्रत्येक शेऱ्याला उत्तर जोडून ती पुन्हा पाठवली, आणि अखेर ती मंजूर झाली. पुढे राज्य शासनाची पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आली, शिष्यवृत्त्यांचे पैसे थेट बँकेच्या खात्यात येऊ लागले, आणि ती टिपणी जुन्या फाइलीत गेली. तरीही माझ्या नोकरीत मी केलेल्या कामांपैकी मला तिचा सर्वांत जास्त अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

मुलींच्या वसतिगृहाविषयी एका मनोगताने सगळ्या मंडपाला रडवले होते. बोलणारी मेळघाटातली, धारणीच्याही आतल्या गावची. सुरुवातीची काही वाक्ये ती कोरकूत बोलली, जी आमच्यापैकी बहुतेकांना कळली नाहीत, पण कोणी जागचे हलले नाही. मग मराठीत तिने सांगितले की तिच्या गावी फोन नव्हता. वडील आठवडी बाजाराला धारणीला येत आणि तिथल्या एसटीडी बूथवरून वसतिगृहात फोन लावत. वसतिगृहात फोन एकच, आणि पावणेदोनशे मुलींचा. फोन लागला नाही किंवा ती खाली येईपर्यंत लाइन तुटली, तर पुढच्या बाजारापर्यंत बोलणे नाही. तिथल्या परिचर बाईंनी तिला न विचारता, न सांगता एक गोष्ट केली. बाजाराच्या दिवशी दुपारी त्या स्टूल घेऊन फोनपाशी बसत आणि दुसऱ्या कोणाला लांबलचक बोलू देत नसत, आणि ही मुलगी वर्गात असली तर फोन ठेवू न देता तिच्या वडिलांशी स्वतः बोलत, पोरगी जेवते, अभ्यास करते, ताप उतरला, अशी खबर देत. वडिलांना मराठी थोडके येई. "माझे वडील आजही विचारतात की त्या फोनवाल्या बाई कशा आहेत," असे ती म्हणाली आणि पुढे तिला बोलता आले नाही. बाई तेव्हा मंडपामागे वांगी चिरत होत्या. त्यांना हाताला धरून पुढे आणावे लागले, आणि त्या पदराला हात पुसत पुसत उभ्या राहिल्या.

रात्रपाळीच्या चौकीदार काकांविषयी तर जवळजवळ दरवर्षी कोणीतरी बोलतेच. रॅगिंगला बंदी घालणारा राज्याचा कायदा १९९९मध्ये झाला, आणि विद्यार्थी व पालक यांची हमीपत्रे घेण्याचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम २००९मध्ये आला. त्या हमीपत्रांचे गठ्ठे मी स्वतः लावले आहेत. परंतु काका त्याच्या पुष्कळ आधीपासून सत्राच्या पहिल्या महिन्यात आपली बाज नवीन मुलांच्या व्हरांड्यात टाकत असत, आणि तिथून त्यांना हलवण्याची कोणा वरच्या वर्गातल्या मुलाची छाती होत नसे.

जेवण रोडग्यांचे असते. गव्हाच्या जाडसर पिठाचे, मोहन घातलेले, पदर देऊन वळलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर फिरवून फिरवून भाजायचे, मग गरम राखेत पुरून ठेवायचे, आणि बाहेर काढून फडक्यात झटकून, फोडून, वर तूप सोडून वाढायचे. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचे वरण. दर्यापूर तालुक्यात मेळावा होता तेव्हा वरणाची काळजी होती, कारण तो सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, आणि बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. शेतमालकाच्या आईने आदल्या संध्याकाळीच नळाचे गोडे पाणी पिंपांत भरून ठेवले होते, म्हणून वरण लोण्यासारखे झाले. वरुडकडचे एक माजी विद्यार्थी दरवर्षी अंबिया बहाराच्या संत्र्यांचे क्रेट घेऊन येतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

आता उपस्थितीविषयी लिहिलेच पाहिजे, कारण मनात आहे. डिसेंबरच्या अखेरीस वेचणी ऐन भरात असते, मजूर मिळत नाहीत, तुरीचीही सवंगणी तोंडावर आलेली असते. तरीसुद्धा कपाशी तशीच उभी ठेवून चिखलीहून, दिग्रसहून, रिसोडहून पहाटेची एसटी धरून लोक येतात. याउलट जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारे, तासाभराच्या अंतरावरचे, चारचाकी असलेले कितीतरी जण "नक्की प्रयत्न करतो" असे फोनवर सांगतात आणि येत नाहीत. पुण्या-मुंबईच्यांना मी दोष देत नाही, अंतर आहे. अधिकारी वर्गातले पाहुणे दिवा लावून, सत्कार स्वीकारून मनोगतापूर्वीच निघतात, आणि मला त्यांच्यासाठी वाईट वाटते, कारण ज्या वसतिगृहांच्या फाइलींवर ते सह्या करतात ती वसतिगृहे म्हणजे नेमके काय, हे त्यांना त्या पुढच्या दोन तासांत कळले असते.

राबणाऱ्यांची नोंद कोणी ठेवत नाही, म्हणून ती येथे करतो. नावे छापू नका असे त्यांनीच सांगितले आहे, म्हणून कामावरून लिहितो. दरवर्षी आपले शेत देणारे कुटुंब आणि त्या घरच्या सासवा-सुना-जावा, ज्या आदल्या रात्री झोपत नाहीत. सतरंज्या आणि ध्वनिक्षेपक देणारे शाळेचे मुख्याध्यापक. विजेची तार ओढून देणारे आमचे निवृत्त वायरमन, जे गुडघा दुखत असतानाही शिडीवर चढतात. गोवऱ्या जमवणाऱ्या गावच्या आजी. रोडगे भाजणारी तरुण मंडळी, ज्यांचे डोळे धुराने लाल झालेले असतात. पिण्याच्या पाण्याचा टँकर देणारी ग्रामपंचायत. खंजिरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने म्हणणारी गावची भजनी मंडळी. निमंत्रणाची पत्रे अजूनही स्वतःच्या हाताने लिहिणारे ग्रंथालयातले सहकारी, ज्यांचे अक्षर मोत्यासारखे आहे. वृद्ध कर्मचाऱ्यांना घरून आणून घरी पोचवणारे काळी-पिवळीचे चालक. पत्रावळी उचलणाऱ्या मावशी आणि त्यांची दोन मुले. औषधांची पेटी घेऊन दिवसभर बसणारे गावचे डॉक्टर.

यात एक वेगळी नोंद करायची आहे. मार्च २०२०मध्ये वसतिगृहे एकाएकी रिकामी झाली तेव्हा पंधरा दिवसांत परत येऊ या समजुतीने मुले सगळे सामान तसेच ठेवून गेली. पावसाळ्यात खोल्यांना ओल आली, वाळवी लागू लागली. आमच्या चार परिचरांनी एकेका मुलाला फोन करून, त्याची परवानगी घेऊन, दोघांच्या साक्षीने खोली उघडली, पुस्तके आणि प्रमाणपत्रे उन्हात घातली, पुसून पिशव्यांत बांधली आणि प्रत्येक पिशवीवर खोलीचा क्रमांक लिहिला. तसा लेखी आदेश कोणी काढलेला नव्हता. त्या डिसेंबरात मेळावा झाला नाही, पण तो पुन्हा भरला तेव्हा एका मुलाने आपली बारावीची गुणपत्रिका सोबत आणली होती. तिच्या कडेला वाळवीने खाल्लेला अर्धगोल होता, आणि पुढे कागद शाबूत होता. ती हातोहात सगळ्या मंडपात फिरली, आणि त्या चौघांपैकी एकाने ती चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिली. ते चौघेही या नोंदीत हवेत, आणि पाण्याचे ग्लास विसळणारी दोन शाळकरी मुलेही, जी आत्ता लिहिताना आठवली.

पुढचा मेळावा वरुड तालुक्यात, संत्र्याच्या बागेत ठरला आहे. येणाऱ्यांनी १५ डिसेंबरपर्यंत कळवावे, म्हणजे पिठाचा अंदाज येतो. महाराजांना आणण्यासाठी त्यांच्या गावाकडून येणारी एखादी चारचाकी हवी आहे, कारण एसटीचा प्रवास आता त्यांना सोसत नाही.