पाकिटाची बाहेरची बाजू

नोकरीच्या पत्त्यावर खासगी पत्र मागवू नये, असे शहाणी माणसे सांगतात आणि ते बरोबरही आहे; पण यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या आडगावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक झालेल्या माणसाला दुसरा पत्ता असतो कुठे? खोली भाड्याची, तिचा घरक्रमांक ग्रामपंचायतीच्या करवसुलीपुरता, घरमालक गावभर टोपणनावानेच ओळखला जाणारा आणि बदली कधी ना कधी ठरलेली. त्यामुळे विम्याच्या पॉलिसीपासून बँकेच्या पासबुकापर्यंत सगळीकडे ‘द्वारा मुख्याध्यापक, जि. प. उच्च प्राथमिक शाळा, मु. पो. अमुक’ असे लिहून त्याखाली 445 ने सुरू होणारा पिनकोड टाकला जातो, आणि त्या दिवसापासून माणसाचे अर्धेअधिक खासगी आयुष्य शाळेच्या कार्यालयातून ये-जा करू लागते.

टपाल पोस्टाच्या ताब्यात असेपर्यंत त्याची राखण कायद्याने केलेली होती. 1898 च्या भारतीय टपाल कायद्यात, कर्मचाऱ्याने पत्र बेकायदा फोडले किंवा अडवून ठेवले तर कैदेची तरतूद होती. सरकारने मात्र सार्वजनिक सुरक्षेच्या कारणासाठी पत्र उघडण्याची मुभा स्वतःकडे राखली होती. ही मुभा वाढवणारे विधेयक 1986 मध्ये संसदेने मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, आणि 2024 च्या जूनमध्ये जुन्या कायद्याच्या जागी नवा टपाल कायदा लागू झाला. त्यात सरकारची मुभा कायम आहे. कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या जुन्या शिक्षा मात्र गेल्या. एवढा सगळा खल झाला तो पोस्टमनच्या थैलीपर्यंतचा. थैलीतून निघालेले पत्र टेबलावर पडते आणि तिथून ज्याच्या नावचे त्याच्या हाती जाते, त्या दहा-वीस पावलांकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत अधिकाऱ्याच्या नावाने आलेले पाकीट न फोडता त्याच्याकडे द्यावे असा नियम आहे. सहायक शिक्षकाचे पाकीट ज्या त्या शाळेच्या रीतीवर सोडलेले असते.

आमच्याकडची रीत वाईट नाही. कोणी कोणाचे पाकीट फोडत नाही, कारण फोडण्याची गरजच पडत नाही. पाठवणाऱ्याचे नाव डाव्या कोपऱ्यात ठसठशीत छापलेले असते. दिवाणी न्यायालयाचा शिक्का लांबूनही ओळखू येतो. बँकेच्या पाकिटाला पुढून पारदर्शक कागदाची खिडकी असते आणि घडी जरा सरकली की कर्जखात्याचा क्रमांक व ‘थकीत’ हा शब्द त्या खिडकीतून डोकावतो. सेवाग्रामच्या दवाखान्याचे पत्र आले तर दुखणे आहे हे कळते, वधू-वर सूचक मंडळाचे आले तर घरात कोणाचे तरी जमायचे आहे हे कळते, आणि एकाच गृहस्थाला दोन्ही आली तर दुपारच्या सुट्टीत दोहोंचा संबंध लावणारेही भेटतात.

एक मानले पाहिजे की, गावाला बाहेरून पत्र वाचण्याची सवय पोस्टाने आणि आपणच लावली. 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि मजकूर उघडा ठेवून पाठवणे हाच स्वस्त मार्ग झाला. मग लोकांनी त्यातही खुणा बसवल्या. कोपऱ्याला हळद-कुंकू लागलेले कार्ड म्हणजे लग्नकार्य; कोपरा फाडलेले कार्ड म्हणजे कोणी तरी गेले, ते दारातच वाचायचे आणि घरात न्यायचे नाही. या खुणा सर्वांनी वाचाव्यात म्हणूनच केलेल्या होत्या, आणि त्या करणारा आपल्याच नात्यातला होता. पाकिटावर लाल अक्षरांत ‘अंतिम सूचना’ छापणाऱ्या पतसंस्थेने कोणाला विचारून ही खूण केली? ती आतल्या माणसासाठी नसतेच. वाटेत ज्यांच्या ज्यांच्या नजरेस पडेल त्यांच्यासाठी असते, हे माझे स्पष्ट मत आहे.

पुष्कळ लहान शाळांना शिपाई नाही. पोस्टमन दारात सायकल टेकवून समोर दिसेल त्या मुलाच्या हाती टपाल देतो, आणि तो मुलगा सहावी-सातवीतला असेल तर वऱ्हांड्यातून चालताना पाकिटावरची अक्षरे जुळवत, वर्गाच्या दाराशी येईपर्यंत ती खणखणीत आवाजात म्हणून दाखवतो. “गुर्जी, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, वसुली विभाग!” जोडाक्षरे अडखळली नाहीत म्हणून त्याला शाबासकी द्यावी की नाही, असा पेच त्या क्षणी शिक्षकापुढे असतो. प्रकट वाचन आपणच शिकवलेले असते.

एका सहकाऱ्याला कोर्टाचे पाकीट आले, तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी ताटे वाढता वाढता विचारले, “काहो गुर्जी, धुऱ्याची केस हाय काय? माहा भाऊ दारव्ह्याले वकिलापाशी हाय, लागलं तं सांगजा.” प्रकरण खरोखरच वावराच्या धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे होते, आणि त्या भावाची पुढे मदतही झाली. अशा गोष्टी सांगून लोक म्हणतात की खेड्यात कसला आलाय खासगीपणा, इथे माणसे एकमेकांना धरून राहतात. ती धरून राहतात हे खरेच आहे आणि त्याचा आधार मीही घेतला आहे. परंतु त्या सहकाऱ्याने ही गोष्ट तोवर आपल्या बायकोलाही सांगितली नव्हती. कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे हे ठरवण्याची मुभा त्याची होती, आणि खिचडीच्या रांगेत ती संपली. मदत चांगली असल्याने ही बाब लहान होत नाही.

आता टपाल कमी झाले आहे. 2025 मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले, तरी गावात अजून ‘रजिस्टरी आली’ असेच म्हणतात. कागद कमी झाल्यावर झाकपाक वाढेल असे मला वाटत होते, झाले उलटेच. आमच्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, सगळ्या शिक्षकांचे पगारपत्रक आता एकाच पीडीएफमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येते, आणि कोणाचा हप्ता किती, पतसंस्थेची कपात किती, हातात किती पडले, हे चहा निवायच्या आत सर्वांना पाठ होते. पाकिटाच्या खिडकीतून निदान एखादाच शब्द दिसत असे. ज्याचे पत्रक त्याला वेगळे पाठवावे, अशी विनंती मी गट चालवणाऱ्या गुरुजींना केली, तर ते अगदी प्रेमाने म्हणाले, “तुमाले काय लपवाचं हाय जी?” पुढच्या महिन्यात पत्रक पुन्हा गटावरच आले. या वेळी नावे अकारविल्हे लावलेली होती, म्हणजे शोधायला सोपी.