बेळगावात बघण्यासारखं काय आहे, म्हणे

पुण्याचा माणूस बेळगावात उतरला की पहिल्या अर्ध्या तासात पुलंचे रावसाहेब काढतो. त्याला माझी ना नाही. पुलं आमच्या आरपीडी कॉलेजात शिकवायला होते, रावसाहेब आमच्याच गावचे, आणि ती बोली आम्ही अजून बोलतो. पण काढायचं तर नीट काढावं. ‘काय की वो’ एवढंच पाठ करून दर वाक्याला शेपूट लावत सुटलं की डोक्यात तिडीक जाते. आमच्या भाचीचा नवरा स्टेशनवरून घरी येईपर्यंत चार वेळा ‘काय की वो’ म्हणाला. त्यातलं एकदा रिक्षावाल्याला. तो गडी कन्नड. तो बापडा ‘होय साहेब’ म्हणून गप्प बसला.

चहा पिताना खरा प्रश्न आला. “मामा, बेळगावात बघण्यासारखं काय आहे? म्हणजे, तीन दिवस पुरेल असं?”

मी साठीला आलोय. जन्म शहापुरातला, शाळा इथली, लग्न इथलं. तरी या प्रश्नाला मला आजवर धड उत्तर देता आलेलं नाही. कुंदा म्हणालो, मांडे म्हणालो. “ते खायचं झालं मामा,” तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. त्यात जुलैचा दुसरा आठवडा, म्हणजे बेळगाव दाखवायला सगळ्यात वाईट दिवस. आमचा पाऊस मुंबईसारखा कोसळून मोकळा होत नाही. तो सकाळी चिरचिर सुरू होतो आणि पंधरा दिवस तसाच राहतो. टॉवेल वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, आणि रस्त्यातले खड्डे पाण्यानं भरून सपाट दिसायला लागतात.

पहिला दिवस गोकाकला गेला. तांबडीलाल घटप्रभा 52 मीटरवरून खाली आदळत होती. जावईबापूंनी झुलत्या पुलाचे फोटो काढले, आम्ही तिथली करदंट मिठाई घेतली आणि परत फिरलो. त्या दिवसातलं माझ्या डोक्यात राहिलंय ते गोकाक नव्हे, सुळेभावी.

गाडी तिकडे वळवायला मीच लावली. 8 एप्रिल 1924 ला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ हे पोर तिथे जन्मलं. पुढे त्याचे कुमार गंधर्व झाले, मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकले, क्षयानं गाठलं म्हणून देवासला गेले आणि तिथलेच झाले. घरची भाषा कन्नड, गायली मराठी नाट्यपदं आणि माळव्यातली निर्गुणी भजनं. आमच्या भागातल्या सीमेच्या भांडणावर बोलायला कुणी लागलं की मी मनातल्या मनात हे नाव घेतो आणि गप्प बसतो. (भांडणावर इथे लिहीत नाही. मत मलाही आहे, 1 नोव्हेंबरला आमच्याही गल्लीत काळे झेंडे बघत मी मोठा झालो, पण ते काढलं तर हा लेख पुढच्या नोव्हेंबरपर्यंत संपायचा नाही.)

गावात आम्हाला पाटी काही दिसली नाही. पानपट्टीवर एक पोरगं बसलं होतं, विशीतलं. मी कन्नडमध्ये विचारलं, कुमार गंधर्वांचं घर कुठलं? त्यानं चुना लावता लावता मान वर केली आणि अगदी अदबीनं सांगितलं, “अवरु ईग इल्ली इल्लरी.” ते आता इथे नसतात.

कुमार 1992 साली गेले. तो असं म्हणाला, जणू कामानिमित्त देवासला असतात आणि दिवाळीला येतील. जावईबापू खो-खो हसले. मला त्या वेळी हसू आलं नाही, आणि का आलं नाही ते कळायला तिसरा दिवस उजाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी किल्ला. आत लष्कर आहे, त्यामुळे सगळीकडे फिरता येत नाही. पण कमल बस्ती बघून जावईबापूंचा आवाज पहिल्यांदा खाली आला. 1204 साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्यानं हे जैन मंदिर बांधलं. गावाचं नाव तेव्हा वेणुग्राम. छतातून दगडी कमळ उलटं लोंबतं, 72 पाकळ्यांचं, आणि त्याच्याखाली उभं राहिलं की माणूस आपोआप डोक्यावरची टोपी काढतो. जवळच आसदखानाची साफा मशीद आहे. रामकृष्ण आश्रमही आहे, कारण 1892 च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावात आले ते आधी तीन दिवस रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे राहिले आणि मग किल्ल्यात हरिपद मित्रांकडे. जावईबापूंनी फोनवर काढून बघितलं आणि म्हणाले, “मामा, हे तर भारी आहे, तुम्ही परवाच का नाही सांगितलंत?” आता काय सांगणार. मीच किल्ल्यात सात-आठ वर्षांनी गेलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला स्कूटरवर मागे घेतलं. जायचं होतं मारुती गल्लीत, कुंदा घ्यायला. नेहमीचा रस्ता खोदलेला. दुसरा रस्ता गेल्या महिन्यात खोदून बुजवलेला, म्हणजे खोदल्यापेक्षा वाईट. गटारासाठी एकदा, केबलसाठी एकदा, पाण्याच्या नळासाठी एकदा. हे तिघं जण एकमेकांशी बोलत नाहीत असं दिसतं. जावईबापूंचा फोन ‘डावीकडे वळा’ म्हणत होता. डावीकडे एक जेसीबी झोपला होता. शेवटी वळसा घेत घेत टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटवर आलो, आणि गेट पडलं.

बेळगावचं गेट पडणं म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. आधी दोघं-तिघं मोटरसायकली आडव्या करून दांड्याखालून निसटतात. मग रांग लागते. पण ती रांग आपल्या बाजूला थांबत नाही. मागचा पुढे येतो, त्याच्या उजव्या हाताला आणखी एक, असं करत सगळा रस्ता भरतो. पलीकडेही तेच. म्हणजे गेट उघडतं तेव्हा पानिपतासारख्या दोन फौजा समोरासमोर उभ्या असतात आणि मध्ये फक्त रूळ. आम्ही पहिल्या फळीत होतो. एक मालगाडी गेली. गेट उघडेना.

“अजून एक हाय म्हणं,” शेजारचा म्हणाला. सगळ्यांनी इंजिनं बंद केली. रेनकोटावर पावसाचा टपटप आवाज तेवढा राहिला.

तेवढ्यात एका गाडीवाल्यानं काच खाली केली. महाराष्ट्राची नंबर प्लेट. त्यानं विचारलं, व्हॅक्सिन डेपो मैदान कुठे?

चार जण एकदम सुरू झाले. एक म्हणाला, “सरळ जावा, बंद पडलेलं थिएटर लागतंय बघा, तिथनं आत.” दुसरा म्हणाला, “ते थेटर पाडलं की रे. चिंचेचं झाड होतं तिथनं वळा म्हणून सांग.” मी स्वतः, खोटं कशाला सांगू, म्हणालो, “जुना नाका होता ना, त्याच्या अलीकडे.” गाडीवाला आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्यानं काच वर केली.

मागून जावईबापू म्हणाले, “मामा, तुमच्या गावात जे आहे त्याच्यावरून कुणी पत्ता सांगत नाही का?”

झोंबलं. उत्तर शोधू लागलो तर तेच वाक्य जास्तच खरं व्हायला लागलं. आम्ही आलो गोवावेशीवरून; तिथे वेस नाही. हा गाडीवाला शोधतोय त्या डेपोत देवीची लस तयार व्हायची. आता तिथे झाडं आणि मैदान. किर्लोस्कर रोडवर किर्लोस्कर नाहीत. लक्ष्मणरावांनी 1888 साली इथे सायकलचं दुकान काढलं, पुढे नांगर केले, कडबा कापायची यंत्रं केली, आणि नगरपालिकेनं जागा रिकामी करायला लावली म्हणून 1910 साली माळरानावर जाऊन किर्लोस्करवाडी वसवली. आमच्याकडे रस्त्याचं नाव राहिलं. टिळकवाडी पूर्वी ठळकवाडी. वाडीचं नाव बदललं, हायस्कूल मात्र अजून ठळकवाडीच. आणि ज्या शहापुरात मी जन्मलो ते बेळगावात नव्हतंच. बेळगाव इंग्रजांचं, शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं. माझी आजी संस्थान विलीन होऊन तीस वर्षं झाली तरी बाजाराला निघताना “बेळगावला जाऊन येतो” म्हणायची. (आमच्याकडे बायका ‘येतो’च म्हणतात. भाचीनं पुण्यात हे दहा वर्षांत मोडून काढलं, आणि इथे आल्यावर दीड तासात पुन्हा सुरू केलं.)

“आणि आपण उभे आहोत त्याच्या पुढचा तो काँग्रेस रोड,” मी म्हणालो. 1924 च्या डिसेंबरात इथे अधिवेशन भरलं. गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. त्या माणसांच्या पाण्यासाठी खणलेली विहीर अजून आहे. गंगूबाई हनगल तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, धारवाडहून आल्या होत्या, त्यांनी गांधींसमोर स्वागतगीत म्हटलं. आणि त्याच वेळी सुळेभावीत एक पोर आठ महिन्यांचं होतं.

“ते आता इथे नसतात,” जावईबापू म्हणाले. या वेळी हसले नाहीत.

आमच्या डाव्या हाताला एक म्हातारे गृहस्थ मोपेडवर होते. गळ्यात शिट्टी, पायात गमबूट, पुढे जाळीच्या पिशवीत चार फुटबॉल. त्यांच्या मागे सायकलींवर सात-आठ पोरं, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवलेले. म्हातारा आमचं सगळं ऐकत होता.

“पावण्यांना विहीर काय दाखवूलाय,” तो मला म्हणाला. “मॅच दाखवा की. लेले ग्राउंडवर जाऊलालोय आम्ही.”

गेट उघडलं. दोन फौजा भिडल्या. पाच मिनिटं कुणाचं चाक हललं नाही, आणि त्या म्हाताऱ्यानं शिट्टी तोंडात घालून मोपेडवरूनच रस्ता मोकळा केला. त्याच्या मागे मागे गेलो तर मारुती गल्ली राहिलीच.

पावसाळ्यात मैदान मैदान राहत नाही. घोट्यापर्यंत लाल चिखल. बॉल उसळत नाही, फस्सकन् रुततो. फुटबॉल आमच्यात कॅम्पातून आला म्हणतात. छावणी तिथली, 1856 सालची सेंट पॉल्स शाळा तिथली, आणि चोर्ला घाट उतरलं की गोवा. कुस्तीची हौस वेगळी, तिला आनंदवाडीचा आखाडा आहे, ती उन्हाळ्याकडे. जुलै फुटबॉलचा.

म्हातारा बाजूच्या रेषेवर उभा राहून ओरडत होता, आणि मी आजवर कधी कान देऊन ऐकलं नव्हतं ते जावईबापूंनी ऐकलं. गोलकीपरला “मुंद बा, मुंद बा!” बचावाच्या पोराला “अरे मागं बघ की मर्दा, झोपलास काय?” आणि कॅम्पातून आलेल्या एका उंच पोराला “पास दे ना यार, अकेला कहाँ जाताय?” एका दमात. कोण कुठल्या घरातला हे त्याला पाठ होतं. विचार करावा लागत नव्हता. मी खोटं बोलत नाही, एकदा तर त्यानं कन्नडमध्ये सुरू केलेली शिवी मराठीत संपवली आणि ती बरोबर माणसाला लागली.

मध्यंतरात जावईबापूंनी त्याला विचारलं, “सर, तुम्ही यांना नक्की कुठल्या भाषेत शिकवता?”

म्हाताऱ्यानं छत्री नसलेल्या आभाळाकडे बघितलं. “शिट्टीत,” तो म्हणाला. मग मुलांना मोजायला लागला, ‘ओंदु, एरडु’ करत, आणि एक कमी पडला. एक पोर शिकवणीला पळालं होतं. त्यानं जावईबापूंच्या पायांकडे बघितलं. पांढरे बूट, नवे, पुण्याच्या मॉलमधले.

“जावईबापू, पळता येतंय काय?”

मी ‘नको’ म्हणायच्या आत तो मैदानात होता. पहिल्या दोन मिनिटांत दोनदा आडवा झाला. कॅम्पातल्या उंच पोरानं त्याला हात देऊन उठवलं आणि परत पाडलं. शेवटची दहा मिनिटं तो उजवीकडून नुसता धावत होता, बॉल नसताना, दोन्ही हात वर करून “इकडं की वो, इकडं!” असं ओरडत. या वेळी ते मला अजिबात खटकलं नाही. अगदी बरोबर जागी आलं होतं.

मॅच हरलो. चार-एक.

कुंदा घ्यायचा राहिला तो राहिलाच. रात्रीच्या गाडीला भाचीनं त्याला माझ्या चपला घालून पाठवलं. पांढरे बूट आमच्या पडवीत पेपर कोंबून ठेवलेत. आज पंधरावा दिवस. काल त्याचा फोन आला, वाळले का म्हणून. मी म्हणालो, जुलै आहे बाबा, ऑगस्टशिवाय काही खरं नाही, तूच ये न्यायला. त्यानं विचारलं, ते ग्राउंड नक्की कुठे येतं, मित्रांना सांगायचंय. मी म्हणालो, दुसरं गेट माहितीच आहे तुला. तिथनं पुढे एक जेसीबी असायचा बघ.