टेक्नेशियम सांडलं तर आधी पाण्याची बादली लांब ठेवा

न्यूक्लियर मेडिसिनमध्ये, म्हणजे टेक्नेशियमसारखी किरणोत्सारी औषधं देऊन स्कॅन आणि उपचार करणाऱ्या विभागात, सांडासांड होते ती साध्या कारणांनी. सिरिंजवरून सुई निसटते, थ्री-वेचा (सलाईनच्या नळ्या जोडणाऱ्या तोटीचा) जोड सुटतो, नाहीतर बोन स्कॅनच्या पेशंटची लघवी टेबलावर होते. त्यानंतर कोणीतरी मावशींना हाक मारतं, त्या ओला मॉप फिरवतात आणि तळहाताएवढा डाग कॉरिडॉरपर्यंत पोहोचतो. खरा घोळ इथेच होतो.

पेशंट गंभीर असेल तर आधी पेशंट, डाग नंतर. एरवी खोलीतल्यांना मोठ्याने सांगून जागेवर थांबवा, डागावर शोषक कागद प्लास्टिकची बाजू वर करून टाका आणि आरएसओंना (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना) कळवा. दारात बूट आणि हात किरणोत्सार मोजणाऱ्या मीटरने तपासल्याशिवाय कोणालाही बाहेर सोडू नका.

मीटरचा प्रोब पातळ पॉलिथीनमध्ये गुंडाळा, नाहीतर तोच माखतो आणि मग सगळीकडे काऊंट दाखवत बसतो. बॅकग्राऊंड, म्हणजे डाग नसतानाचं नेहमीचं रीडिंग, खोलीबाहेर घ्या. इंजेक्शन दिलेला पेशंट जवळ बसलेला असेल तर आकडा त्याचाच येतो. त्याला आधी लांब न्या.

दोन ग्लोव्ह्ज एकावर एक, शू कव्हर, गाऊन. ओलं टिपून घ्यायचं, घासायचं नाही. मग साबणाच्या पाण्यात जेमतेम ओलसर केलेल्या टिश्यूने बाहेरून आत पुसत यायचं. एक टिश्यू एकदाच वापरायचा, आत दुमडून थेट पिशवीत टाकायचा. प्रत्येक टिश्यू मीटरसमोर धरून बघा. टिश्यूवर काही येत नाही, पण फरशीवरचा काऊंट तसाच आहे, म्हणजे उरलेलं पृष्ठभागात बसलंय. तिथे थांबा. खात्रीसाठी १० बाय १० सेंटीमीटर जागा फिल्टर पेपरने पुसून तो वेल काऊंटरमध्ये (छोटे नमुने आत ठेवून मोजायच्या यंत्रात) मोजा. नुसत्या मीटरला निघणारं आणि न निघणारं यातला फरक कळत नाही.

पुढचं काम घड्याळावर सोडा. टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ६ तास. २४ तासांत सोळावा भाग उरतो. जागा प्लास्टिकने झाका, तारीख-वेळ लिहा, कुलूप लावा. टाइल्सच्या सांध्यात ब्रश घालून रगडण्यापेक्षा हे कधीही बरं.

आयोडीन-१३१ला ही सवलत नाही: अर्धायुष्य ८ दिवस, शिवाय ते हवेत उडतं. त्यावर ब्लीच किंवा आम्ल अजिबात नको, त्याने मोकळं आयोडीन सुटतं. सोडियम थायोसल्फेटचं द्रावण वापरा, खोलीतली हवा बाहेर खेचणारा पंखा चालू ठेवा. एरवीचा ०.५ मिलिमीटरचा लेड एप्रन टेक्नेशियमला उपयोगी पडतो. आयोडीनच्या ३६४ किंवा एफ-१८च्या (पेट स्कॅनमधल्या फ्लोरिनच्या) ५११ केईव्ही इतक्या जास्त ऊर्जेच्या किरणांपुढे तो नुसतं ओझं. तिथे अंतर वाढवा, काम लवकर उरका.

कातडीवर पडलं तर कोमट पाणी आणि सौम्य साबण. गरम पाण्याने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो, ब्रशने ओरखडे पडतात. दोन्हींमुळे आत शिरायला वाट मिळते. तरीही हातावर राहिलंच तर काही वेळ रबरी ग्लोव्ह घालून ठेवायचा: घामाबरोबर बरंच सुटतं. नखांच्या कडा विसरू नका.

टेक्नेशियम आणि आयोडीनच्या पिशव्या वेगळ्या ठेवा, नाहीतर ६० तासांचा कचरा ८० दिवस सांभाळावा लागतो. पिशवीवर आयसोटोप, तारीख आणि पृष्ठभागावरचं रीडिंग लिहा. दहा अर्धायुष्यांनंतर पुन्हा मोजा. बॅकग्राऊंडएवढं आलं की किरणोत्साराचं लेबल फाडूनच पिशवी नेहमीच्या बायोमेडिकल कचऱ्यात द्या.