सिस्टरने लिहिलेला ताप

आईची उजवी चप्पल पायातून निसटायची आणि तिला कळायचंच नाही. बडोद्यात मांडवीकडून चालत येताना चार पावलं पुढे गेल्यावर रस्ता पायाला टोचायचा, मग ती थांबून मागे बघायची. दोनदा मीच उचलून आणून दिली. तिसऱ्यांदा चिडले, "अगं आई, सैल झालीय ती, टाकून दे आता." खंडेराव मार्केटजवळून मागे पट्टा असलेली चप्पल आणली आणि प्रश्न मिटला असं वाटलं. नोव्हेंबर २०२४ होता तो. पाठ दुखायला लागून तीन महिने झाले होते. मज्जारज्जूवर दाब आला की चप्पल पायातून गेलेली कळत नाही, हे मला जानेवारीत समजलं. तुमच्या घरात कोणाची पाठ दुखत असेल आणि चप्पल अशी निसटत असेल, तर हे वाचणं थांबवा आणि आधी त्यांना डॉक्टरकडे न्या.

आईचं वय ६३. डांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, जिना उभा. श्रावणात मंगळागौरीचं जागरण झालं, त्यानंतर तिची कंबर धरली. जागरणाचंच दुखणं असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. घरच्या डॉक्टरांनी आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या. मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. कमरेचा एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले, "बा, मणकानो घसारो छे." कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाची पुडी, पट्टा, फिजिओथेरपी. या दोघांवर माझा राग नाही. साठीनंतर कोणाच्याही कमरेचा फोटो काढा, घसारा दिसतोच. "कुठे दुखतं?" असं विचारल्यावर आईनेही हात कमरेवरच ठेवला होता.

पण घरात आणखी काही चाललं होतं. नवरात्रापासून दिवेलागणीला तिचं अंग कसकसायचं. शाल घेऊन बसायची, तासाभराने घाम यायचा. दिवाळीच्या आधी तिने मशीनवर बसून स्वतःच्या सहा ब्लाऊजना आतून टिपा घातल्या. मी शेजारी फराळाचं करत होते, बघत होते. आणि रात्री दुखणं वाढायचं. घसाऱ्याचं दुखणं आडवं झालं की बहुधा हलकं होतं, हिचं उलट. ताप वेगळा, वजन वेगळं, पाठ वेगळी, असं आम्ही तीन खणांत ठेवलं होतं. डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळायची, तेव्हा आम्ही फक्त पाठीचं बोलायचो. हे मला आजही लागतं.

नोव्हेंबरच्या शेवटी दुखणं असह्य झालं तेव्हा शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात तिला दाखल केलं. मोठं म्हणून गेलो. मेडिक्लेम होता. चार दिवसांत सात वेगवेगळे डॉक्टर येऊन गेले, आणि सगळे पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून फाइलशी बोलले. आईला कोणी कुशीवर वळवून पाठ बघितली नाही. दुसऱ्या रात्री बेल दाबून चाळीस मिनिटं कोणी आलं नाही. आई कठड्याला धरून उठली, मी दुसरीकडून धरलं, आणि बाथरूमपर्यंतच्या आठ पावलांत तिचे गुडघे दोनदा लुळे पडले. सकाळी राउंडला मी ते सांगितलं. "अशक्तपणा आहे, प्रोटीन पावडर सुरू करा." संध्याकाळी अंग तापतं हेही सांगितलं. "व्हायरल असेल, सीझन आहे." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते पुढच्या पलंगाकडे वळले होते.

एमआरआय झाला, पण फक्त कमरेचा. चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी थोडी सरकलीय असं निघालं. तेही त्या वयाच्या कितीतरी माणसांत निघतं, दुखत नसलेल्यांतसुद्धा. पण कारण सापडलं म्हटल्यावर शोध तिथेच थांबला. कमरेत इंजेक्शन घ्या, असा सल्ला मिळाला. आई सुईला घाबरते, "नको गं बाई" म्हणाली, म्हणून ते राहिलं. ते स्टेरॉइडचं असणार होतं आणि आत जंतुसंसर्ग असताना स्टेरॉइड गेलं असतं तर आजार फोफावला असता, हे नंतर कळलं. डिस्चार्जच्या दिवशी विम्याची मंजुरी येईपर्यंत सहा तास ती व्हीलचेअरवर बिलिंगच्या खिडकीसमोर बसून होती. पलंग दुसऱ्या पेशंटला दिला होता.

वासी उत्तरायणच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, ती पाटावरून उठू शकली नाही. वरून गच्चीतून पतंग उडवणाऱ्या पोरांचं "काप्यो छे" ऐकू येत होतं आणि खाली मी आणि माझा नवरा तिला दोन्ही काखांत धरून उभं करत होतो. पाय तिचे राहिलेच नव्हते.

मामाच्या ओळखीच्या एका मणक्याच्या सर्जनकडे दुसऱ्या दिवशी नेलं. लहानसा दवाखाना. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि आईला पाठमोरं बसवलं. मानेपासून सुरुवात करून एकेक मणका अंगठ्याने दाबत, मग मुठीने हलकेच ठोकत खाली आले. ब्लाऊजच्या हुकांच्या थोडं खाली अंगठा आला आणि आई "आई गं" म्हणून ओरडली. त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. आवळ्याएवढा उंचवटा होता. पाच महिने रोज रात्री मी तिच्या पाठीला बाम चोळत होते, पण कमरेला. माझा हात तिथवर कधी गेलाच नाही.

मग त्यांनी गाडीच्या किल्लीने तिच्या तळव्यावर टाचेपासून वर रेघ ओढली. अंगठा वर उचलला गेला. मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळायला हवा, वर गेला म्हणजे दाब मज्जारज्जूवर आहे, असं त्यांनी सांगितलं. नंतर प्रश्न सुरू झाले. संध्याकाळी ताप? रात्री घाम? वजन किती होतं, किती आहे? चप्पल निसटते? त्या शेवटच्या प्रश्नाला मी रडायलाच लागले.

त्या संध्याकाळी पूर्ण मणक्याचा एमआरआय झाला. पाठीचा आठवा आणि नववा मणका खाल्ला गेला होता, मधली गादी दिसत नव्हती, बाजूला पू साचून मज्जारज्जूवर रेटत होता. कमरेच्या फोटोची चौकट जिथे संपत होती, त्याच्या वरच हे सगळं होतं. साध्या एक्स-रेत तर हाडाचा बराच भाग, तिसऱ्या हिश्शाहून जास्त, गेल्याशिवाय हा आजार दिसत नाही.

मणक्याचा टीबी. आमच्या डोक्यात टीबी म्हणजे खोकला. आई एकदाही खोकली नव्हती, छातीचा फोटो स्वच्छ होता. पण हाडाच्या टीबीच्या रोग्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा टीबी मणक्यातच असतो. सीटी स्कॅनवर बघत सुईने पू काढला. त्यातला थोडा पॅथॉलॉजीला आणि थोडा टीबीचे जंतू ओळखणाऱ्या सीबीनॅट यंत्रासाठी पाठवला. हा दुसरा भाग आवर्जून सांगते, कारण नमुना नुसता फॉर्मेलिनमध्ये घातला तर जंतूंची तपासणी नीट होत नाही. नमुना सलाइनमध्ये वेगळा ठेवायला आधी सांगावं लागतं. यंत्राला दोनेक तास लागतात. टीबीचे जंतू आहेत आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल, असा अहवाल दुसऱ्या दिवशी हातात आला. पाच महिने जे कळलं नाही ते तीन दिवसांत कळलं.

मला वाटलं आता ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, थांबू. हाडांचे सर्जन डॉ. तुली यांची १९७५ साली प्रसिद्ध झालेली पद्धत आहे, तिला 'मधला मार्ग' म्हणतात. औषधं आणि विश्रांती सुरू करायची, पायांची ताकद सतत मोजत राहायची, आणि सुधारणा होत नसेल किंवा बिघडत असेल तरच चाकू. सुरुवातीचे तीन आठवडे पाठीवर पडून राहायचं. डॉक्टर दर शुक्रवारी घरी येऊन आईला पाय उचलायला लावायचे आणि वहीत आकडा लिहायचे. दुसऱ्या शुक्रवारी आकडा तोच राहिला, तेव्हा मी जेवले नाही. तिसऱ्या शुक्रवारी एकाने वाढला.

औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. सेवासदनाच्या, म्हणजे महापालिकेच्या, आरोग्य केंद्रात निक्षय या सरकारी टीबी प्रणालीत नोंदणी झाली. खासगी डॉक्टरलाही टीबीचा रोगी कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे आमच्या सर्जननी ते आधीच केलं होतं. आधार आणि पासबुकाची झेरॉक्स लागली. पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात, ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते ५०० होते. आईचं वजन ५३ वरून ४३ वर आलं होतं, त्या वजनाला रोज तीन गोळ्या, एकेका गोळीत चार औषधं. दोन महिन्यांनी तीन औषधांवर, आणि ती पुढे दहा महिने. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झाली तेव्हा आई घाबरून गेली, ते रिफाम्पिसिनमुळे होतं हे आरोग्य केंद्राच्या आशाबेनने तिला समजावलं. गोळ्यांतल्या एका औषधाचा डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून अधूनमधून लाल-हिरवा रंग नीट दिसतो का ते तपासायचं.

आणि कप. आईने स्वतःहून आपला कप, ताटली, तांब्या वेगळा केला. खिडकीत मांडून ठेवला. नातवाला जवळ येऊ देईना. मणक्यातला टीबी श्वासातून पसरत नाही, फुप्फुसं स्वच्छ आहेत, हे मी सांगून झालं, मामाने सांगून झालं. शेवटी आशाबेनने तिच्याच कपातला चहा पिऊन दाखवला. तेव्हा तो कप परत मांडणीवर गेला.

एप्रिलमध्ये ती ब्रेस घालून जिना उतरली. त्यानंतरच मला मागे वळून बघायची ताकद आली. त्या मोठ्या रुग्णालयात नेमकं काय झालं हे मला जाणून घ्यायचं होतं. आमच्याकडे दोन पानांची डिस्चार्ज समरी होती, तीत लिहिलं होतं, 'ताप नाही, चेतासंस्था सामान्य'. मी पूर्ण केसपेपर मागितले. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, समरी दिली आहे ना, आतले कागद देत नाही. दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्यांदा मी लेखी अर्ज नेला. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार रोग्याने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात, हे अर्जात लिहिलं, आईची सही घेतली आणि माझ्या प्रतीवर त्यांचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. तिसऱ्या दिवशी ८६ पानांची झेरॉक्स मिळाली. हे कागद निदान तीन वर्षं जपून ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक असतं, म्हणून मागायला उशीर करू नका.

रात्री जेवणं झाल्यावर मी ती पानं जमिनीवर पसरली. रक्ताच्या रिपोर्टात ईएसआर, म्हणजे अंगातली सूज किंवा जंतुसंसर्ग सुचवणारा आकडा, ९६. त्याच्यापुढे तो जास्त असल्याचा यंत्राने छापलेला बाण होता, पण कोणी त्याबद्दल एक ओळ लिहिलेली नव्हती. मग तापाचा तक्ता. निळ्या पेनने, बारीक, सरळ अक्षरांत: पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला १००.२. दुसऱ्या दिवशी १००.६. तिसऱ्या दिवशी १००.४, आणि त्याखाली इंग्रजीत अर्धी ओळ, 'रोगी म्हणतात पाय जड वाटतात, डॉक्टरांना कळवलं'. शेवटी दोन अक्षरांची सही. म्हणजे सगळं कळलेलं होतं. लिहिलेलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या त्याच फाइलमध्ये होतं.

मी व्यवस्थापनाला पत्र दिलं. वीस मिनिटांची भेट मिळाली. अशा केस अवघड असतात, असं ते म्हणाले. मी तापाच्या तक्त्याचं पान टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हे कोण वाचतं? त्याचं उत्तर आलं नाही, लेखी कळवू म्हणाले, अजून कळवलेलं नाही. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. आई म्हणते सोड. मी सोडलेलं नाही, वकिलाला कागद दाखवलेत.

त्या भेटीनंतर मी लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेले. नर्सिंग स्टेशनवर ती दोन अक्षरं दाखवली. पंचविशीची मुलगी उभी राहिली, घाबरली होती, तक्रार असेल असं वाटलं असणार. मी पान पुढे केलं आणि म्हटलं, हे तुम्ही लिहिलंत म्हणून आले आहे. तिने वाचलं. "राउंडमां कह्युं हतुं, बेन," ती हळूच म्हणाली. "बे वार." दोनदा. मग विचारलं, "बा हवे चाले छे?" आई आता चालते का?

मी मोबाइल काढला आणि आई जिना उतरतानाचा व्हिडिओ तिला लावून दाखवला.