बाईंचं म्हाकूल

(माजी विद्यार्थिनी, दहावी 1987)

अमृतमहोत्सवाच्या पत्रात "शाळेच्या आठवणी लिहा" असं आहे. मला आठवण एकच, बाईंची. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं "बाई" म्हटलं की जीवशास्त्राच्या, हे आमच्या तुकडीला सांगावं लागत नाही. गणिताच्या सरांवर आणि स्नेहसंमेलनावर दुसरं कुणी लिहीलच.

आई मिरकरवाडा बंदरावरून मासळी आणून दारोदार विकायची. त्यामुळे माझ्या बाकावर शेजारी कोण बसणार, हा वर्गातला रोजचा वाद. नववीत मृदुकाय संघ, म्हणजे मऊ अंगाच्या प्राण्यांचा धडा, आला तेव्हा बाई म्हणाल्या, "आईला सांग, उद्या एक म्हाकूल पाठव. समुद्रफेसवालं, आणि साफ न केलेलं." म्हाकूल म्हणजे ऑक्टोपसच्या नात्यातला समुद्री प्राणी, समुद्रफेस म्हणजे त्याच्या अंगातलं पांढरं कवच. आईने डब्यात घालून दिलं. डबा दप्तरात कलंडला. म्हाकलाच्या अंगातली शाई इतिहासाच्या वहीत आणि तिथून गणवेशावर. पोरं नाकं दाबून हसत होती, मी रडकुंडीला आले होते.

बाईंनी ती वहीच वर्गासमोर उघडून धरली. "हे मेलॅनिन. तुमच्या केसांत आहे तेच. जिवावर बेतलं की हा पाण्यात याचा ढग सोडतो आणि मागच्या मागे सटकतो. चित्रकार ज्याला सेपिया म्हणतात, तो रंग मुळात हाच."

मग शाकाहारी असलेल्या त्या बाईंनी म्हाकूल हाताने उचललं, ट्रेमध्ये ठेवलं आणि कात्रीने उघडलं. आई कायम म्हणायची, म्हाकलाला रक्तच नसतं. मी तसं सांगितलं. बाईंनी नाही म्हटलं नाही. "आईला दिसत नाही, कारण ते लाल नाही. यात लोहाऐवजी तांबं आहे. प्राणवायू मिळाला की निळसर होतं." हृदयं तीन निघाली. दोन कल्ल्यांना रक्त देणारी, एक बाकीच्या अंगाला.

भाद्रपदातली सर येऊन गेली होती. बाईंनी एकाला पायरीवरचं काडू आणायला पिटाळलं. गांडूळ हातात वळवळत असताना म्हणाल्या, "याच्याकडे बघून वाटतं का, रक्त असेल? आहे, आणि तेही लाल. तुमच्यासारखंच हिमोग्लोबिन, फक्त पेशींत नाही, रक्तद्रवातच विरघळलेलं. आणि दोघांचंही रक्त नळ्यांतूनच फिरतं. म्हाकलाच्याच घराण्यातल्या शिंपल्यांना, म्हणजे आपल्या तिसऱ्यांना, ते जमत नाही, त्यांचं रक्त पोकळीत मोकळं सुटतं." हे सांगताना बाईंना म्हाकलाचा जो अभिमान वाटत होता, तो मला तोवर कधी वाटला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

गांडूळ बाईंनी स्वतः खाली जाऊन कुंडीत सोडलं.

आज मत्स्यप्रक्रिया कारखान्यात गुणवत्ता विभागात मला 26 वर्षं झाली. हाताखाली चाळीस मुली आहेत. नव्या मुलीला मी पहिल्या दिवशी ताज्या म्हाकलाच्या कातडीवर बोट फिरवायला लावते. ठिपके अजून उघडमीट करत असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची लवचीक पिशवी, भोवती बारीक स्नायू. स्नायू ओढले की रंग पसरतो, सैल सोडले की टिंब उरतं. इतके रंग बदलणाऱ्या या प्राण्याला स्वतःला मात्र रंग ओळखता येत नाहीत, असं शास्त्रज्ञ मानतात. हे सांगितलं की मुली खोटं वाटल्यासारख्या बघतात. माझी मुलगी प्राणिशास्त्रात एमएस्सी झाली, हेही इथेच लिहून टाकते.

परवा शाळेत गेले. खालच्या प्रयोगशाळेत आता संगणक आहेत. ऑक्टोपसची बरणी कुठे गेली, जळवांची कुठे, कुणालाच माहीत नाही. संगणक हवेतच, पण एक कपाट ठेवायला जागा नव्हती का?

तिथून बाईंकडे गेले. आता त्यांना नीट दिसत नाही. आवाजावरून ओळखलं आणि विचारलं, "हृदयं किती?"

"तीन, बाई."

"आणि ऑक्टोपस पोहायला लागला की?"

मी गप्प.

"अंगाला रक्त देणारं थांबतं. म्हणून तो पोहत नाही फारसा, तळावरून सरपटतो. हे तुमच्या वेळी मलाच माहीत नव्हतं. लिहून घे."

पर्समध्ये कागद नव्हता. महोत्सवाच्या निमंत्रणाच्या पाठीवर लिहून घेतलं.