खालच्या काकांचा कान

जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. हातात दुधाची पिशवी.

"काय गं, गावाला गेला होतात का सगळे?"

"नाही काका, इथेच तर होतो."

"असं? दोन-तीन आठवडे आमच्या शोकेसच्या काचा वाजल्या नाहीत, म्हणून विचारलं."

वर आले आणि चपला न काढताच कॉम्प्युटरच्या टेबलाखाली वाकले. काळं खोकं जागच्या जागी होतं, लाल दिवाही लागलेला. गाणं लावलं. गाणं वाजत होतं, शब्द नि शब्द कळत होता. खोक्याच्या बाजूला हवेसाठी जे भोक असतं, त्यापुढे तळहात धरला. एरवी ठेक्यासरशी तिथून फुंकर आल्यासारखी येते. आज काहीच नाही. भोकात टॉर्च मारून पाहिला, तर एक मोजा निघाला. जोडीतला दुसरा मी दिवाळीतच फेकून दिला होता.

मोजा काढूनही फरक पडला नाही. म्हणजे आमचा सबवूफर, फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, मुका झाला होता आणि ही बातमी आम्हाला खालच्या काकांनी दिली. सहा वर्षांपूर्वी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून हा ५.१ चा संच मी हट्टाने आणला, तेव्हा नवरा म्हणाला होता, "दोन कानांच्या माणसाला सहा स्पीकर कशाला?" आता त्याला उत्तर काय द्यायचं?

खर्जाचं असंच असतं. तबल्याच्या जोडीत बोटांची करामत उजव्या हाताची, वाहवा तिलाच. डग्ग्याकडे कोण बघतं? पण डग्गा काढून नुसता तबला वाजवायला सांगा, टाइपरायटर चालल्यासारखं वाटेल. आमच्याकडे तीन आठवडे टाइपरायटरच चालू होता आणि आम्ही माना डोलावत होतो.

आता दुरुस्ती. पहिला विचार अर्थातच 'जळला' हा. पण आमच्या संचाचा अ‍ॅम्प्लिफायर सबवूफरच्या खोक्यातच आहे; बाकीच्यांना वीज तिथूनच जाते. पुढचे दोघे गातायत म्हणजे निदान घरात चूल पेटलेली आहे. मग जुनी युक्ती केली. आवाज कमी ठेवला, कॉम्प्युटरच्या पाठीतून नारिंगी पिन उपसली आणि तिच्या टोकाला बोट लावलं. घुंऽऽ. खोकं चक्क बोललं. आपल्या भिंतींतून ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची, वीज वाहते, अंग अँटेनासारखं तिची गुणगुण गोळा करतं आणि ५० हर्ट्झ म्हणजे सबवूफरचं अगदी घरचं खाद्य. त्या घुंऽऽनं मला झालेला आनंद शेजारी उभ्या चिरंजीवांना कळला नाही. "आई, शॉक बसला का?"

खोकं जिवंत, वायर जिवंत. मग कॉम्प्युटरच गप्प होता.

या वायरींचं एक बरं असतं, रंगावरून नाती कळतात. हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची आणि नारिंगी मधल्याची व सबवूफरची मिळून. आवाजाच्या सेटिंगमध्ये शिरले, तर तिथे साफ लिहिलेलं: स्टिरिओ. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी घरात दोनच स्पीकर. मग प्रकाश पडला. एकटा सबवूफर कुठे, मधला आणि मागचे दोघेही तीन आठवडे मुके होते! सहा भावंडांतली चार गप्प बसली आणि आईला पत्ता नाही. मागच्यांपैकी एकावर तर कुणीतरी टोपी वाळत घातली होती.

"सेटिंग कुणी बदललं?"

चिरंजीवांनी छताकडे पाहिलं. हेडफोन लावला तेव्हा पडद्यावर चौकट आली, काय जोडलंत म्हणून. त्याने खरं तेच सांगितलं, हेडफोन. पुढे हेडफोन निघाला, हिरवी पिन परत बसली, चौकट पुन्हा आली, ती याने न वाचता बंद केली. आणि मुळात हेडफोन का लावला? तर परीक्षेच्या दिवसांत "तो धाडधाड आवाज आधी बंद कर" असं मीच ओरडले होते. चौकशी तिथेच थांबवली.

५.१ निवडलं. पुढे 'सबवूफर' या शब्दापुढची खूण उडालेली होती, ती केली. चाचणीचं बटण दाबलं. एकेक भावंड बोललं, टोपीखालचंही, आणि शेवटी टेबलाखालून म्हैस कुशीवर वळावी तसा आवाज आला. झालं!

झालं कसलं. गाणं लावलं, पुन्हा टाइपरायटर.

इथे मला त्या 'पॉइंट एक'चा अर्थ कळला. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल हे आवाजाचं तंत्र थिएटरांत आलं. त्यात पाच वाटा पूर्ण आवाजाच्या आणि सहावी फक्त धडाम-धुडूमची. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, ही सहावी वाट १२० च्या आसपास संपते. म्हणून तिला पूर्ण एक न म्हणता दशांश चिन्हापलीकडे बसवलं. (हिशेबाने एक दशांशही भरत नाही, पण ते असो.) साध्या गाण्यात वाटा दोनच. सहाव्या वाटेवर कुणी काही पाठवलेलंच नाही, तर सबवूफर वाजवणार काय? त्यासाठी 'बेस मॅनेजमेंट' चालू करावं लागतं, म्हणजे इतरांच्या पानातला खर्ज काढून याच्या पानात वाढला जातो. ती खूण केली आणि ठेका पायांतून वर चढला.

फक्त खुर्चीत बसल्यावर तो पुन्हा पातळ लागायचा. ५० हर्ट्झची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब; आमची खोली बारा बाय दहा फुटांची. लाट मावतच नाही, भिंतींवर आपटून परतते आणि कुठे दुप्पट होते, कुठे स्वतःलाच खाते. माझी खुर्ची नेमकी खाण्याच्या जागेवर. खोकं ढकलत ढकलत कोपऱ्यात नेलं, भिंतीला जवळजवळ चिकटवून. तिथे ते असं काही घुमलं की नवरा स्वयंपाकघरातून भांडं पुसत बाहेर आला. दोन कानांचा विषय त्याने काढला नाही.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर बेल वाजली. दारात काका.

"आलात वाटतं गावाहून," ते म्हणाले.